दळण आणि लोकसंग्रह



आजच्या वाचनात गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले २० ते २६ हे श्लोक आहेत. लोकसंग्रहाचे श्लोक म्हणून आपण ते ओळखतो. सोप्या भाषेत सांगायचं तर भगवंत अर्जुनाला म्हणतात की तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काहीच उरलेलं नाही, तरी मी काम करतोच. कारण मी थांबलो तर लोक माझंच बघून थांबतील.

हा भाग कितीदाही वाचला तरी मी इथे अडखळतो. समोर एक माणूस धनुष्य टाकून बसलाय. त्याला त्याच्या कर्तव्याची आठवण करून द्यायची आहे. भगवंतांना सरळ हुकूम सोडता आला असता. पण ते इथे स्वतःच्या कामाकडे बोट दाखवतात. आणि हे सगळं बोलताना ते अर्जुनाचे सारथी आहेत, म्हणजे बोलणारा स्वतःही त्या क्षणी ड्युटीवर आहे.

त्यावरून आजचा प्रश्न असा: जबाबदारी शिकवता येते का? की ती कुणाच्या तरी शेजारी उभं राहून काम करतानाच अंगात येते?

'जबाबदारी' हा शब्दच बघा. त्यात 'जबाब' आहे. ज्याला उत्तर द्यावं लागतं तो जबाबदार. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, उत्तर कुणाला द्यायचं? लहानपणी आपल्याला वाटतं की आई-वडिलांना. होमवर्क केला का, दूध प्यायलास का, खोली आवरलीस का. या सगळ्यात विचारणारे तेच आणि तपासणारेही तेच. मला मात्र या प्रश्नाचं वेगळं उत्तर मिळालं, आणि ते मिळालं पिठाच्या गिरणीत.

आमची फलटणला गिरणी. एक खोली, एक दगडी चक्की, भिंतीला मोटर, दारात वजनकाटा. त्या गिरणीवर पाच माणसांचं घर चालायचं. आप्पा चक्कीवर, आई काट्यावर आणि उधारीच्या वहीवर. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की तिथेच. माझं पहिलं काम होतं डब्यांची रांग लावणं. ऐकायला सोपं वाटतं, पण गिरणीत रांग नुसती आल्या क्रमाने लागत नाही. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असं दळावं लागतं. "आमची ज्वारी ज्वारीवरच टाका हं," असं प्रत्येक मावशी बजावून जायची. कारण मध्ये गहू आले की भाकरी थापताना तिला लगेच कळतं. त्यामुळे कुणाचा डबा कुणाच्या मागे, कुणाला घाई आहे, कुणाचं पीठ जाडसर हवं, हे डोक्यात ठेवणं म्हणजे माझं काम.

दहाव्या-अकराव्या वर्षी मला काट्यावर बसायला मिळालं. आठवीत गेल्यावर चक्कीत धान्य ओतायला. पट्ट्याजवळ जायला मात्र बारावीपर्यंत सक्त मनाई होती. मोटर चालू असताना मी त्या बाजूला गेलो तर एरवी शांत असणारे आप्पा ओरडायचे.

याच श्लोकांवर लिहिताना ज्ञानेश्वर माऊलींनी एक दृष्टांत दिलाय. वाटेवर आंधळ्याबरोबर डोळस माणूस कसा चालतो? त्याच्याच चालीने, पण पुढे राहून. जाणत्याने नेणत्याला आचरणातून धर्म दाखवायचा तो असा. आणि थोडं पुढे माऊली म्हणतात की ज्या बाळाला दूधही कष्टाने प्यावं लागतं त्याला पक्वान्नं कशी वाढणार? हे दोन्ही दृष्टांत वाचले की मला आप्पांचं ते काम वाटून देणं आठवतं. एकट्याने दळलं असतं तर त्यांचं काम निश्चितच लवकर उरकलं असतं. माझ्यामुळे त्यांचा वेळ जायचाच. तरी ते माझ्या चालीने चालायचे आणि मला झेपेल तेवढंच हातात द्यायचे. अर्थात आप्पांना हे दृष्टांत माहीत असतील असं मला वाटत नाही. ते पोथी वाचणाऱ्यांपैकी नव्हते. वारी मात्र चुकवायचे नाहीत, म्हणजे पालखी फलटणला मुक्कामाला आली की विमानतळावर जाऊन दर्शन घ्यायचे. त्या दोन-तीन दिवसांत गिरणीला उसंत नसायची, कारण घराघरातून वारकऱ्यांसाठी भाकरी-पोळ्या जायच्या.

पालखी पुढे गेली की आषाढी एकादशी जवळ आलेली असायची, आणि मग यायची उपवासाची भाजणी. साबुदाणा, वरई, राजगिरा भाजून, एकेका डब्यात किलो-दोन किलो. आप्पांचा एक नियम होता. भाजणी दळायच्या आधी चक्की बंद करायची, उघडायची, दगडावरचं पीठ कुंच्याने झाडायचं, पीठ जिथून पडतं ते कापड काढून झटकायचं, मग घरची मूठभर वरई दळून ती बाजूला टाकायची, आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाचा डबा ओतायचा. यात पंधरा-वीस मिनिटं जायची. बाहेर गव्हाच्या डब्यांची रांग, वरून विजेचा भरवसा नाही, आणि एवढं करून मिळणार चार-पाच रुपये.

मी एकदा विचारलं, "आप्पा, न झाडता दळलं तर कुणाला कळणार आहे? चिमूटभर गहू तर जाणार."

आप्पा म्हणाले, "नाही कळायचं. तिला कळत नाही म्हणून तर ती डबा आपल्यावर सोडून गेलीय." आणि कुंचा माझ्या हातात दिला.

या एका वाक्यावर मी पुढे बरीच वर्षं विचार केलाय. ज्वारीत गहू मिसळला तर मावशी येऊन भांडेल. तिथे धाक आहे. पण भाजणीत गहू गेला तर तिला कधीच कळणार नाही. ती श्रद्धेने उपवास करेल, थालीपीठ खाईल, पांडुरंगाला हात जोडेल. तिचा उपवास मोडला की नाही हे फक्त गिरणीवाल्याला माहीत. तुम्ही म्हणाल, देव भावाचा भुकेला, चिमूटभर गव्हाने त्याला काय फरक पडतो? खरंय, देवाला नसेल पडत. पण प्रश्न देवाचा नव्हताच. एका बाईने आपला शब्द आमच्या भरवशावर दिला होता आणि तो पाळणं आता आमच्या हातात होतं. उत्तर मागणारं कुणी नसताना द्यायचं उत्तर, तिथे जबाबदारी सुरू होते असं मला वाटतं.

आता मला सांगा, हे घरी पाटावर बसवून शिकवता आलं असतं का? 'प्रामाणिक असावं' हे वाक्य मी शाळेत फळ्यावर शंभर वेळा वाचलं असेल. ते वाक्य आणि तो कुंचा यात जो फरक आहे तो मला असा दिसतो. उपदेश करताना आई-वडील आणि मूल समोरासमोर असतात. मुलाची नजर त्यांच्या चेहऱ्यावर असते. ते खूश आहेत की चिडलेत, एवढंच ते बघतं. बरोबर काम करताना दोघं शेजारी शेजारी उभे असतात आणि दोघांची नजर तिसरीकडे असते, त्या डब्याकडे, त्या डब्याच्या मालकिणीकडे. मी आप्पांचं ऐकत होतो म्हणण्यापेक्षा आप्पा ज्याच्याकडे बघत होते त्याकडे मीही बघायला लागलो होतो.

कुरुक्षेत्रावरही असंच दिसतं ना? दोघं एकाच रथात, दोघांची तोंडं एकाच दिशेला. आणि नुसतं बोलणं करून भगवंत मोकळे झालेले नाहीत. जयद्रथाचा पाठलाग चालू होता त्या दिवसाचा द्रोणपर्वातला प्रसंग आठवा. घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. अर्जुन जमिनीवर उभा राहून एकटा सैन्य अडवतो, आणि भर रणात श्रीकृष्ण घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण काढतात, त्यांना पाणी पाजतात. ज्याला तिन्ही लोकांत काही मिळवायचं नाही तो घोड्यांची अंगं चोळतोय! तिसऱ्या अध्यायातलं ते वाक्य भगवंतांनी असं जगून दाखवलंय.

मी अकरावीत असताना आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायला पूर्ण बंदी केली. लोडशेडिंगची वर्षं होती ती. सकाळी वीज लवकर जायची, म्हणून आई आणि मी पहाटे चारला गिरणी उघडायचो. नऊला मी कॉलेजला, संध्याकाळी वीज आली की परत. आज मी ज्या क्षेत्रात आहे तिथे ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. रात्री दोनला फोन वाजतो आणि प्रॉडक्शन बंद पडलेलं असतं. मित्र वैतागतात. मीही वैतागतो, पण मला ते फारसं नवीन वाटत नाही. आपल्या मूडवर न चालणारी कामं जगात असतात हे मला महावितरणच्या वेळापत्रकाने आधीच शिकवून ठेवलं होतं.

त्या महिन्यात मला मदत आणि जबाबदारी यातला फरक कळला. मदत करणारा थकला की थांबू शकतो, काम ज्याचं आहे तो ते पुरं करतो. आठ-नऊ वर्षं मी मदत करत होतो. त्या महिन्यात मी थांबलो असतो तर दळण राहिलं असतं, आणि दळण राहिलं असतं तर घरात पैसे आले नसते. आप्पा दारात खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचे, पण मला काही सांगायचे नाहीत. रांग मी लावायचो तशी लागायची. एकदा भाजणीचा डबा आला तेव्हा मी चक्की बंद केली आणि कुंचा घेतला. मी बघितलं तर आप्पा रस्त्याकडे बघत होते. मी झाडतोय की नाही हे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्यासाठी तो पदवीदान समारंभच होता म्हणा ना. पुढे इंजिनिअरिंगची पदवी मिळाली, पण तेव्हा छातीत असं काही झालं नाही.

गंमत बघा, आजचे श्लोक २६ वर संपतात आणि लगेच २७व्या श्लोकात भगवंत सावध करतात की अहंकाराने भुललेला माणूस 'मीच कर्ता' असं समजतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने घर चालवायला हात लावला की त्याला वाटायला वेळ लागत नाही की घर माझ्यावर चाललंय. यावर आईचा उपाय साधा होता. ती रोज रात्री गल्ल्यातले पैसे मोजायची, देवासमोर ठेवायची, मग वहीत लिहायची आणि म्हणायची, "आज एवढं दळण आलं." 'आपण एवढं कमावलं' असं ती कधी म्हणाली नाही. दळण 'आलं'. ज्यांनी आणलं त्यांची ती आठवण होती.

आता दुसरी बाजूही बघू, कारण ती न बघता हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. लहान मुलाला घरच्या धंद्यात उभं करणं हे त्याचं बालपण हिरावणं नाही का? अनेक घरांत ते तसं असतंच. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला त्यात बंदी आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या व्यवसायात मूल हातभार लावू शकतं अशी सवलत आहे. या सवलतीवर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. घराच्या दाराआड मूल दोन तास काम करतंय की दहा तास, हे बाहेरून कुणाला दिसणार?

मग शिकवणं कुठे संपतं आणि राबवणं कुठे सुरू होतं? मला वाटतं, मूल ज्याच्या शेजारी उभं आहे तो मोठा माणूस खरंच तिथे उभा आहे का, हे बघावं. ओझ्याचं जड टोक त्याच्या हातात आहे का? मुलाच्या शाळेपेक्षा दळण मोठं झालंय का? आमच्याकडे परीक्षा जवळ आली की आई मला गिरणीची पायरीही चढू द्यायची नाही. आणि पट्टा कायम आप्पांकडे होता.

तुकोबांचं चरित्र या दृष्टीने वाचून बघा. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यामुळे तेराव्या वर्षाच्या सुमारास घरचा व्यवहार तुकोबांकडे आला, असं परंपरा सांगते. वडील बोल्होबा होते तोवर सगळं नीट चाललं. सतराव्या वर्षाच्या आसपास आई-वडील गेले. मग १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, घरातले मृत्यू, व्यापाराचं दिवाळं. शेजारचं माणूस निघून गेल्यावर कोवळ्या खांद्यांवर काय कोसळतं ते इथे दिसतं. त्याला 'चांगलं शिक्षण मिळालं' म्हणणं क्रूरपणाचं होईल.

पण याच चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. मात्र ती सगळी बुडवली नव्हती. परंपरेनुसार धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला, आणि फक्त स्वतःचा अर्धा नदीत सोडला. वैराग्याच्या त्या शिखरावरही त्यांना माहीत होतं की आपलं सोडण्याचा हक्क आपल्याला आहे, भावाच्या घरचं सोडण्याचा नाही. हा हिशेब त्यांना कुणी शिकवला असेल? मला आपलं वाटतं की देहूच्या दुकानात बोल्होबांच्या शेजारी बसून, कुणाचं किती आणि आपलं किती हे बघतानाच तो अंगात मुरला असेल.

आता आपल्याकडे येऊ. मी पुण्यात राहतो, लॅपटॉपवर काम करतो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, तू दिवसभर काय करतोस?" मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "म्हणजे टाइप करतोस." चूक म्हणता येणार नाही! माझं काम तिला दिसत नाही. पगार खात्यात येतो, हप्ता आपोआप कापला जातो, किराणा दारात येतो. घर कशावर उभं आहे हे दिसायला तिच्या डोळ्यांसमोर ना डबा आहे, ना काटा, ना पहाटे चारची वीज. तिच्या कष्टांवाचून घर चालतंय याचा मला आनंदच आहे. आप्पा राबले ते याचसाठी. पण तिच्या शेजारी उभं राहून मी कुठे बघायचं, हा प्रश्न मला छळतो.

गीतेत २६व्या श्लोकात जे क्रियापद येतं त्याचा अर्थ नुसता 'कामाला लावावं' असा नाही. त्या धातूत 'आवडणं, गोडी वाटणं' ही छटा आहे. जाणत्याने स्वतः नीट काम करत करत इतरांना कामाची गोडी लावावी. म्हणून आम्ही घरात स्टिकर आणि बक्षिसांचा तक्ता बंद केला. त्याऐवजी एकच काम धरलं. आप्पा आणि आई आता वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. रात्री त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, हे काम माझं आणि लेकीचं. तांब्या मी धरतो, ओतते ती. आप्पांना रात्री दोनदा तरी तहान लागते आणि गुडघ्यांमुळे उठवत नाही, हे तिला माहीत आहे. त्यामुळे ते काम म्हणजे खेळ नाही. कुणीतरी खरंच तिच्यावर अवलंबून आहे.

तुमच्यातले बरेच जण अजून आई-वडिलांच्या घरी असतील, किंवा त्यांच्यापासून दूर एखाद्या फ्लॅटमध्ये. आजच्या चिंतनासोबत एक छोटी गोष्ट करून बघा. या आठवड्यात आई किंवा वडील जे काम रोज करतात, त्यातलं एक त्यांच्या शेजारी उभं राहून करा. त्यांना बसवून स्वतः करू नका, त्यांच्याबरोबर करा. भाजी निवडणं असेल, दुकानाचं शटर उघडणं असेल, वीजबिल भरणं असेल. आणि काम करताना त्यांच्याकडे न बघता ते ज्याच्यासाठी करतायत त्याच्याकडे बघा. लांब असाल तर फोनवर एवढंच विचारा की तुमच्यावर पहिल्यांदा घराची जबाबदारी आली तेव्हा शेजारी कोण होतं. मी आप्पांना हे विचारलं तेव्हा ते जात्यावर बसणाऱ्या त्यांच्या आईबद्दल तासभर बोलले. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पांडुरंगा, जे काम आमच्या भरवशावर कुणी सोडून गेलंय, ते कुणी बघत नसतानाही आमच्या हातून नीट होऊ दे. आणि झाल्यावर ते 'आम्ही केलं' असं वाटू देऊ नकोस.

उद्या २७व्या श्लोकापासून पुढे. राम कृष्ण हरी.